काजू बोंडाच्या चोथ्यापासून नॅनोसेल्युलोज : वेंगुर्ल्याकडच्या प्रकल्प नोंदी

११ एप्रिल

रस काढणाऱ्या काकांकडे सकाळी जाऊन आले. त्यांच्याकडे बोंडाचं, म्हणजे काजूची बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाचं, सरबत बनतं. रोज साडेतीनशे-चारशे किलो बोंडू येतं, रस निघतो आणि मागे ओला चोथा उरतो तो सव्वाशे किलोच्या आसपास. तो कुंपणापलीकडच्या खड्ड्यात जातो. दुपारपर्यंत त्याला आंबूस वास सुटतो, संध्याकाळी चिलटांचा ढग. काका म्हणाले, ‘‘गुरां पण तोंड लावीनत नाय, बाई. तुमका कित्याक होयो?’’

कशाला हवा, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच विसर पडणार नाही. वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेली असते. आपल्याला दिसणारा तंतू म्हणजे अशा हजारो अतिबारीक धाग्यांची जुडी. त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन आणि हेमीसेल्युलोज बरंचसं काढलं आणि मग जुडी यंत्राने सोडवली, तर वीस-तीस नॅनोमीटर जाडीचे धागे सुटे होतात. हेच नॅनोसेल्युलोज. आपला केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. हे धागे पाण्यात एक-दोन टक्के असले तरी पाणी खळीसारखं घट्ट होतं, वाळवले तर पारदर्शक कागद होतो, कागदाच्या लगद्यात घातले तर कागद मजबूत होतो.

मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१५ पासून नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना आहे. पण कापसात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज. बोंडाच्या चोथ्यावर ब्राझीलमध्ये अभ्यास झालेत (काजूचं झाड पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं ते तिथूनच), त्यांत कोरड्या चोथ्यात सेल्युलोज साधारण पाचवा हिस्सा सापडलं, लिग्निन त्याहून जास्त. हाती थोडंच लागणार हे धरूनच सुरुवात करते आहे.

नारळाच्या सोडणांचा विचार केला होता. पण सोडण इथे कोणी टाकत नाही, आंघोळीचं पाणी त्यावरच तापतं, काथ्याही होतो. सुपारीच्या सोलांचं तसंच. बोंडू मात्र बी काढून झाडाखाली पडून राहतं. बीच्या वजनाच्या आठ-दहा पट वजन बोंडाचं असतं, आणि ते बागेतच कुजतं. लहानपणापासून बघते आहे.

माझ्याबरोबर महाविद्यालयातल्या तृतीय वर्षाच्या दोघी मुली आहेत. परीक्षा संपल्यात, सुट्टी दोघींनी या कामाला दिली.

१३ एप्रिल

बॅच १. काकांकडून वीस किलो ओला चोथा आणला, सकाळी दहाचा, ताजा. कलमी आणि गावठी दोन्ही बोंडांचा. हाताने पिळला तरी साखरेचा चिकटपणा जाणवतो. साखर काढायला गरम पाणी हवं, म्हणून परसात चूल मांडून घरची मोठी लोखंडी कढई ठेवली.

वीस मिनिटांत पिवळा-केशरी चोथा निळसर काळा पडला. करपला म्हणून एक मुलगी घाईने पाणी ओतायला धावली. करपला नव्हता. बोंडू खाल्लं की घशाला जी तुरट मिठी बसते ती टॅनिनची, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतंच. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून शाई करत, ती हीच. मी रसायनशास्त्र शिकवते, तरी कढई चढवताना हे सुचलं नाही.

काळी झालेली बॅच टाकली नाही. पुढे काय होतं ते बघायचं आहे.

१४ एप्रिल

एवढा चोथा एका वेळी हाताळता येत नाही आणि ठेवला तर आंबतो. म्हणून उरलेल्यातला निम्मा धुऊन गच्चीवर चादरीवर पसरला, आमसुलं घालतो तसा. ऊन कडक आहे, दोन दिवसांत खडखडीत वाळेल. ही बॅच २. वाळलेला माल पावसाळाभर पुरवता येईल असं आत्ता तरी वाटतं.

१९ एप्रिल

क्षाराची पायरी. बॅच १ मधला चारशे ग्रॅम ओला चोथा (सुकं वजन धरलं तर शंभर ग्रॅम) दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, ऐंशी अंशांवर दोन तास. द्रावण काळं कुळकुळीत झालं. ते लिग्निन, टॅनिन आणि थोडं हेमीसेल्युलोज. गाळून धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा. सातव्या धुण्याला पाणी जरा नितळ आलं.

हे करताना शेजारच्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. त्या काजू फोडायला जातात. त्यांची बोटं बघितली की कळतं ते काम काय आहे: टोकांची कातडी काळी, जाड, मध्येच सोललेली. काजूच्या टरफलातलं तेल लागलं की साल जातेच. मी पातळ हातमोजे घालून गरम कॉस्टिक ढवळत होते, ते बघून म्हणाल्या, ‘‘आधी हाताक तेल लावा, बाई. ह्यां रबर फाटला तर?’’ मी त्यांना सांगितलं की सोड्यासमोर तेल टिकत नाही, त्याचा साबण होतो, आणि जाड हातमोजे आणायला हवेत. त्यांनी तेवढ्यात स्वतःचे हात पदराने पुसले आणि विचारलं, ‘‘मगे आमका तसले मिळतीत?’’

जाड हातमोज्यांच्या सहा जोड्या मागवल्या. तीन त्यांना.

२१ एप्रिल

पांढरं करण्याची पायरी, हायड्रोजन पेरॉक्साइडने. प्रयोगशाळांत सोडियम क्लोराइटही वापरतात, पण त्यातून क्लोरीन डायऑक्साइड हा विषारी वायू सुटतो आणि आमच्याकडे धूर ओढणारं कपाट नाही. मुलींच्या नाकातोंडात असलं काही जाऊ देणार नाही, म्हणून पेरॉक्साइडच. त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं.

पीएच ११, साठ अंश, पेरॉक्साइड तीन टक्के. ओतल्यावर पाच मिनिटांत फेस टोपाच्या कडेवरून उतू गेला, ओटाभर राखाडी फेस. अर्ध्या तासात पेरॉक्साइड संपलं. लगदा मात्र जसा होता तसा, मळक्या फडक्याच्या रंगाचा.

कारण लोखंडच. लोखंडाचे अंश असले की पेरॉक्साइड त्यांच्यावर धडाधड फुटतं आणि रंग काढायला उरतच नाही. वर धाग्यांनाही इजा करतं. कढईने दोनदा नुकसान केलं: एकदा काळं करून, एकदा पांढरं होऊ न देऊन.

२७ एप्रिल

बॅच ३. नवा ताजा चोथा, सुरुवातीपासून स्टीलचा टोप, लाकडी ढवळणं. क्षाराची पायरी छान झाली, लगदा या वेळी फिक्या तपकिरी रंगाचा, गुळाच्या ढेपेसारखा. पेरॉक्साइड घातलं आणि पुन्हा फेस. पहिल्यापेक्षा कमी, पण पुन्हा तेच.

स्टील गंजलेलं नाही. सोडा बाटलीतला. मग लोखंड येतंय कुठून?

संध्याकाळी हात धुताना उत्तर सापडलं. आमच्या न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशीवर नळाखाली तांबूस ओघळ आहे, वर्षानुवर्षं घासूनही न जाणारा. विहीर जांभ्यात खणलेली. जांभ्याचा रंगच लोखंडाचा. आणि मी त्या पाण्याने लगदा सात-सात वेळा धुते आहे, म्हणजे प्रत्येक धुण्याला थोडं थोडं लोखंड त्याला पाजते आहे.

खात्री करायला घरातला हिरडा ठेचून काढा केला. एका काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित. दोन्हींत चमचाभर काढा. ऊर्ध्वपातित पाण्यात काढ्याचा रंग पिवळट राहिला. विहिरीच्या पाण्याला दहा मिनिटांत निळसर राखी झाक आली. मुलींनी पांढऱ्या कागदापुढे पेले धरून पाच वेळा बघितलं. एवढा साधा पुरावा, हिरड्याचा. आता गावात कोणाच्याही विहिरीचं पाणी वापरण्यापूर्वी हीच चाचणी करायची.

२ मे

उपाय दोन होते. सगळं ऊर्ध्वपातित पाण्याने धुणं, जे परवडत नाही. किंवा पेरॉक्साइडच्या आधी लोखंड धरून बाहेर नेणारं काही घालणं. कागद कारखान्यांतही पेरॉक्साइडच्या आधी धातू बांधून काढण्याची पायरी असते. आम्ही सायट्रिक ॲसिड घेतलं, एक टक्का, कोमट, पाऊण तास. त्यानंतर फक्त शेवटची दोन धुणी ऊर्ध्वपातित पाण्याची.

पेरॉक्साइड घातलं. बारीक बुडबुडे, शांत. दोन तासांनी टोपात भिजवलेल्या पोह्यांसारखा पांढरा-पिवळसर लगदा. मोठी मुलगी हातात घेऊन म्हणाली, ‘‘मॅडम, हा खरंच बोंडाचाच आहे?’’

पूर्ण शुभ्र झालेला नाही, आणि तसा करायचा हट्टही सोडला. त्यातलं थोडं हेमीसेल्युलोज राहिलं तर धागे एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि पुढे सुटायला सोपे जातात. जपानमध्ये लाकडाच्या लगद्यावर हे दाखवलं गेलं आहे. सोडा सहा टक्के घेऊन केलेली छोटी चाचणी जास्त पांढरी निघाली, पण दोन टक्क्यांचीच पुढे नेणार.

शंभर ग्रॅम सुक्या चोथ्यामागे सुका हिशेब धरून सोळा ग्रॅम लगदा.

५ मे

आजचा दिवस महत्त्वाचा.

धागे सोडवायला खरं म्हणजे उच्च दाबाचं होमोजिनायझर (लगदा दाबाने बारीक फटीतून ढकलणारं यंत्र) लागतं. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस टर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा दुधाच्या होमोजिनायझरमधून पुन्हा पुन्हा काढला, तेव्हा त्याचं घट्ट जेल झालं. सूक्ष्म तंतूंच्या सेल्युलोजची ही वाट तिथून सुरू होते. आमच्याकडे तसलं यंत्र नाही. पण २०११ मध्ये क्योटोच्या उएतानी आणि यानो यांनी दाखवलं की वेगवान ब्लेंडरनेही लाकडाचा लगदा नॅनो धाग्यांपर्यंत सोडवता येतो, अट एकच, लगदा कधी वाळलेला नसावा. तेवढ्या आधारावर घरचा साडेसातशे वॅटचा मिक्सर प्रयोगशाळेत नेला.

एक टक्का लगदा, बाकी पाणी. दोन मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, कारण भांडं तापतं. एकूण चाळीस मिनिटं फिरवलं, म्हणजे सव्वादोन तास गेले. दहा मिनिटांनी मिश्रण पेजेसारखं, वीस मिनिटांनी नाचणीच्या आंबिलासारखं. तिसाव्या मिनिटाच्या आसपास आवाज बदलला. पातं पाण्यात फिरताना जो खळखळाट होतो तो जाऊन एक जड घुमणं सुरू झालं. भांडं उघडलं तर मधोमध पात्याचा खड्डा तसाच राहिलेला, कडा खाली येत नव्हत्या. चमच्याने घेतलं, चमचा उलटा केला, तरी ते पडेना. त्यात नव्व्याण्णव भाग पाणी आहे, हे मुलींना तीनदा सांगावं लागलं.

मग विरळ करून बाटलीत घेतलं, रात्रभर निवळू दिलं, वरचं पाणी वेगळं काढून त्यात लेझर पॉइंटरचा लाल झोत सोडला. पाण्यातून रेघ आरपार दिसली. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात काही नाही. रेघ म्हणजे नॅनो धागेच असा अर्थ लगेच काढत नाही, कुठलाही बारीक गढूळपणा अशी रेघ देतो. पण बारा तासांनीही खाली न बसणारं काहीतरी पाण्यात आहे, एवढं नक्की.

६ मे

बॅच २, वाळवलेली. सगळ्या पायऱ्या बॅच ३ सारख्याच, सायट्रिकसकट. मिक्सरमध्ये चाळीस मिनिटं, मग साठ, मग नव्वद. मिश्रण पातळच. अर्ध्या तासात बाटलीच्या तळाशी कणीसारखा थर, वर निवळ पाणी. लेझरची रेघ अगदीच पुसट.

वाळताना धाग्यांमधलं पाणी निघून जातं, धागे एकमेकांना टेकतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंधांची अशी गाठ बसते की नंतर भिजवून ती सुटत नाही. आमच्या मुलींना मी केळीच्या सोपटाचं उदाहरण दिलं. हिरव्या सोपटाची दोरी काढून गजरा ओवता येतो, पण वाळून कडक झालेलं सोपट दिवसभर भिजत घातलं तरी ते पुन्हा हिरव्यासारखं होत नाही.

गच्चीवरचा सगळा चोथा वाया गेला. म्हणजे ‘वाळवून साठवू, पावसाळ्यात करू’ हा बेत बाद. बोंडाचा चोथा ओला उचलायचा आणि शेवटपर्यंत ओलाच ठेवायचा. ही या प्रकल्पातली आतापर्यंतची सगळ्यात मोठी शिकवण आहे आणि तिच्यामुळे जागाही ठरते: काम रसाच्या युनिटच्या शेजारीच व्हायला हवं, लांबच्या शहरात ट्रकने वाळका माल पाठवून नाही.

१० मे

पाण्याची वही आज लिहून काढली. बॅच ३ ला शंभर ग्रॅम सुक्या चोथ्यामागे सव्वीस लिटर पाणी गेलं, म्हणजे एक ग्रॅम लगद्यामागे दीड लिटरहून जास्त. काकांच्या रोजच्या चोथ्यात सुका भाग तीसेक किलो. याच हिशेबाने एका दिवसाला जवळपास आठ हजार लिटर. मे महिन्यात वाडीतल्या अर्ध्या विहिरींचा तळ दिसतो, डोंगराकडच्या दोन वाड्यांवर टँकर येतो. त्या बायका कळशी घेऊन रांगेत उभ्या असताना मी लगदा सात पाण्यांनी धुणं मला जमणार नाही.

गंधकाम्लाने सेल्युलोजचे नॅनो स्फटिक काढण्याची पद्धत मी आधीच सोडली होती. ती १९५० च्या सुमारास स्वीडनमध्ये रॉन्बी यांनी घालून दिली, आणि तिचे स्फटिक फार सुंदर असतात. पण चौसष्ट टक्के आम्ल, मग दहापट थंड पाणी, मग दिवसेंदिवस धुणं. इथल्या मे महिन्यात त्याचा विचारही करायचा नाही.

आजपासून उलट धुणं: शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या बॅचच्या आधीच्या धुण्याला, त्याचं त्याच्याही आधीच्या. स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या टप्प्यावर शिरतं. कागद कारखाने हेच करतात. आम्हाला तीन बादल्या आणि खडूने लिहिलेले आकडे पुरले. शंभर ग्रॅममागे पाणी अकरा लिटरवर आलं.

१४ मे

काजूचा मोसम सरत आला. काकांकडे आता दिवसाआड बोंडू येतं. चोथा वाळवता येत नाही, फ्रीजमध्ये मावत नाही. मग आईने सुचवलं: ‘‘कैऱ्या खारात ठेवतो तसा ठेव की.’’ खरंच, वर्षभर लागणाऱ्या कैऱ्या आम्ही मिठाच्या पाण्यातच ठेवतो. चोथा साखर जाईपर्यंत धुतला, पंधरा टक्के मिठाच्या पाण्यात दोन प्लॅस्टिकच्या पिंपांत दाबून भरला, वर स्वच्छ दगड. धागा ओला राहील आणि सडणारही नाही, अशी आशा.

१८ मे

जेल स्टीलच्या ताटात पातळ ओतून पंख्याखाली दोन दिवस ठेवलं. आज कडेला नख लावल्यावर पापुद्रा सरळ सुटून आला. किंचित पिवळसर, कांद्याच्या सालीसारखा, हलवला की खडखडतो. वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं स्पष्ट वाचता येतात. काकांच्या युनिटमध्ये नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, वाकवला, परत उजेडाकडे धरला. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘ह्यो माझो चोथो?’’ आणि तो परत दिलाच नाही, हिशेबाच्या वहीत घालून ठेवला.

२६ मे

काळ्या सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न टाळत होते. आतापर्यंतचं सगळं पिंपात साठवलंय, गटारात एक थेंब सोडलेला नाही. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम, ते जमिनीत गेलं तर जमीन खराब होते. म्हणून छोट्या बॅचला कॉस्टिक पोटॅश घेतलं. महाग आहे, पण त्याचं सांडपाणी फॉस्फोरिक आम्लाने उदासीन केलं की पोटॅशियम फॉस्फेट होतं, आणि पोटॅश व स्फुरद दोन्ही माडाला लागतातच. लगदा सोड्याच्या बॅचसारखाच निघाला. उदासीन केलेलं, चांगलं विरळ केलेलं पाणी परसातल्या एकाच माडाच्या आळ्यात घालणार, वर्षभर बघणार, मगच पुढचं. सोड्याचं साठलेलं पाणी महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्याबरोबर जाईल.

१० जून

पाऊस लागला. पहिले तीन दिवस कौलांवरची धूळ वाहून जाऊ दिली, चौथ्या दिवशी पागोळ्यांखाली पिंपं लावली. हिरड्याचा काढा घालून बघितला: पिवळट राहिला, निळी झाक नाही. सगळा मे महिना ज्या पाण्यासाठी जीव टांगणीला होता, ते लोखंडाशिवायचं पाणी आता छपरावरून फुकट पडतंय.

खाराचं पहिलं पिंप उघडलं. वास लोणच्यासारखा, कुजका नाही. मीठ जाईपर्यंत पावसाच्या पाण्यात धुतलं, मग नेहमीच्या पायऱ्या. मिक्सरमध्ये पस्तिसाव्या मिनिटाला ते घुमणं ऐकू आलं. आईला फोन करून सांगितलं.

१७ जून

काकांनी वहीतून पापुद्रा काढून परत पाठवला, सोबत निरोप: ‘‘ह्याका काय झाला?’’

सादळला होता. ओल्या रुमालासारखा लुळा, वहीच्या रेघांचे वळ उमटलेला. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. कोरड्या हवेत नॅनोसेल्युलोजचा पापुद्रा प्राणवायू उत्तम अडवतो, म्हणून वेष्टनासाठी त्याचं कौतुक होतं. हवा दमट झाली की पाणी धाग्यांमध्ये शिरतं, धागे फुगून दूर होतात आणि अडवण्याची ताकद जाते. आमच्याकडे जूनमध्ये कपाटातलं मीठसुद्धा पाझरतं. या किनाऱ्यावर नुसत्या पापुद्र्याचं वेष्टन चालणार नाही. त्यावर मेणाचा किंवा दुसरा थर देता येतो, पण त्याने खर्च वाढतो आणि मूळ सोपेपणा जातो. मे महिन्यातल्या त्या कोरड्या, खडखडत्या तुकड्यावर मी नको तेवढा जीव लावला होता, हे मान्य आहे.

३० जून

मग दुसरा उपयोग: रद्दी कागदाचा लगदा मजबूत करणं. डोळ्यांसमोर आंब्याच्या पेटीतले पुठ्ठ्याचे कप्पे आहेत. दोन आंब्यांमधला कप्पा फक्त कोरड्यातच मजबूत असून भागत नाही, प्रवासात घामेजलेल्या फळाजवळही उभा राहायला हवा.

जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, पिठाच्या चाळणीवर मलमल, त्यावर कागद धरले. तीन प्रकार: नुसता लगदा, सुक्या वजनाच्या तीन टक्के नॅनोसेल्युलोज, आणि सहा टक्के. पहिली अडचण पाणी निथळण्याची. नुसत्या लगद्याचं पाणी चाळीस सेकंदांत गेलं, तीन टक्क्यांना दोन मिनिटं लागली, सहा टक्क्यांना पाच मिनिटांहून जास्त आणि कागद मलमलीला चिकटून फाटला. धागे भोकं बुजवतात. सहा टक्के बाद.

दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या चिमट्याला टांगून खाली बाटली, बाटलीत हळूहळू पाणी, पट्टी तुटेपर्यंत. दर प्रकाराच्या दहा पट्ट्या. पंख्याखाली नीट सुकवलेल्या: नुसत्या लगद्याची सरासरी १.९ किलो, तीन टक्क्यांची २.७. पडवीत एक दिवस-रात्र सादळू दिलेल्या: १.२ आणि १.९. म्हणजे सादळलेली नॅनोसेल्युलोजची पट्टी सुक्या साध्या पट्टीइतकी टिकली. मुलींनी निकाल फळ्यावर लिहिला आणि तो पुसायचा नाही अशी चिठ्ठी बाजूला चिकटवली.

पट्टी पाण्यात पूर्ण बुडवली तर मात्र दोन्ही विरघळल्यासारख्या सुटतात. हेही फळ्यावर आहे.

या कामाला जेल वाळवावं लागत नाही, ओलंच लगद्यात जातं. म्हणून हाच उपयोग धरते आहे.

११ जुलै

मुंबईहून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. वीस ते साठ नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांचं जाळं, मध्ये मध्ये न सुटलेल्या जाड जुड्या, काही चांगल्या पाचशे नॅनोमीटरच्या. मिक्सरचं काम मिक्सरइतकंच. तरी लेझरच्या रेघेत जे दिसत होतं ते डोळ्यांनी बघितलं. फोटोची एक प्रत मावशींच्या घरी दिली, हातमोज्यांच्या गोष्टीपासून त्या रोज विचारत होत्या.

२० जुलै

जेल आठ दिवसांत बुरशी धरतं. डबाभर जेलवर हिरवे ठिपके. फ्रीजमध्ये तीन आठवडे टिकलं, पण वीज जाते तेव्हा भरवसा नाही. गोठवून बघितलं तर वितळल्यावर गुठळ्या झाल्या. तेव्हा जेल साठवायचं नाही. चोथा खारात साठवायचा, जेल लागेल तेवढंच करायचं.

माडाच्या आळ्यात दोनदा पोटॅशचं पाणी घातलं. पानांवर वाईट काही दिसत नाही. एवढ्यात काही म्हणणार नाही.

२ ऑगस्ट

दोन दिवस वारा फार होता. सकाळी साडेसहाला काकांचा फोन: ‘‘बाई, मागची सात केळी आडयी झाली. सोपटां होयी तर येवा, नायतर गुरांका घालतंय.’’

केळीच्या खोडात सेल्युलोज बोंडाच्या चोथ्यापेक्षा खूप जास्त, लिग्निन कमी. आणि खोड तर पाण्यानेच भरलेलं, न वाळलेलं. फेब्रुवारीपर्यंत बोंडू येणार नाही, वाऱ्याने पडणाऱ्या केळी मात्र पावसाळाभर आहेत. दोघी मुलींना एसटी स्टँडवर घेतलं आणि भर पावसात गेलो. सोपट सुटं करताना चीक कपड्यांना लागला, त्याचे डाग जात नाहीत, म्हणजे इथेही टॅनिन आहे. स्टीलचाच टोप.

कोयत्याने बोटभर तुकडे केले, पागोळ्यांच्या पाण्यात टाकले. बॅच ९, अकरा वाजता चुलीवर चढली.